शुभाने काढलेले चौदा फोटो

जर्मनीत आखनला डॉक्टरेट करायला आलेला श्रीपाद इंजिनांच्या नादी लागला, यावर त्याच्या मित्रांचा आधी विश्वासच बसला नाही. आठवडाभर प्रयोगशाळेत मान मोडून काम करायचं आणि रविवारी जरा झोप काढावी, कपडे धुवावेत, तर हा पठ्ठ्या सकाळी सातला सायकल काढून सीमेपलीकडे हॉलंडात, हेर्लनच्या यार्डात हजर. का, तर डच रेल्वेने इंग्लंडहून आणलेली डिझेल इंजिनं तिथे कोळशाच्या वाघिणी ओढतात. बरोबर जान्झन नावाचे रिटायर झालेले शाळामास्तर आणि त्यांच्या मंडळातले चार इंजिनवेडे म्हातारे. सीमेवरचा शिपाईसुद्धा आता श्रीपादला नावाने ओळखायचा.

पण त्याच्या वेडाला कारण होतं. त्याचे वडील आत्माराम कच्छात मालगाडीचे ड्रायव्हर. उभा जन्म वाफेच्या इंजिनावर भाजून निघाले, आणि शेवटची सहा वर्षं त्यांच्या हाती ग्लासगोहून आलेलं डिझेल पडलं. एवढं सुख त्या माणसाला बायकोमुलांनीही दिलं नसेल. पत्रात मुलाची चौकशी दोन ओळी, बाकी सगळं इंजिन. हेर्लनची इंजिनं त्या इंजिनाची दूरची भावंडं का होईनात, त्यांची घरघर ऐकली की श्रीपादला घरी गेल्यासारखं वाटायचं.

जान्झनमास्तरांनी त्याला फोटो काढायला शिकवलं आणि त्याबरोबर आपला चिकटपणाही. कॅमेरा एक, फिल्म दोन. ढग असले की काळीपांढरी, ऊन पडलं की रंगीत, स्लाइडची. म्हणून अर्धी वापरलेली फिल्म उलटी गुंडाळून बाहेर काढायची, पण पुरती गुंडाळायची नाही. तिचं टोक, त्याला ते जीभ म्हणत, डबीबाहेर राहू द्यायचं आणि किती फोटो झाले तो आकडा जिभेवर लिहायचा, म्हणजे पुन्हा घालताना तेवढी फिल्म सोडून पुढे जाता येतं. जीभ आत, म्हणजे फिल्म संपली. जीभ बाहेर आणि आकडा, म्हणजे अर्धी. जीभ बाहेर आणि आकडा नाही, म्हणजे कोरी. मंडळात हा नियम कुणी मोडत नसे.

बासष्टच्या मार्चअखेर आत्माराम रिटायर होणार होते. घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. मावशीच्या लग्नातल्या ग्रुपमध्ये होते म्हणे, पण कुणाच्या तरी टोपीआड. श्रीपादने ठरवलं, बाबांचा त्यांच्या इंजिनावर रंगीत फोटो काढायचा. त्याचा मित्र श्यामकांत सुट्टीवर घरी निघाला होता, त्याच्याबरोबर त्याने एक रंगीत फिल्म बहिणीला, शुभाला, पाठवली. फिल्म धुवायची सोय तिकडे नव्हती, ती परत इथेच यायला हवी होती. आणि इथेच त्याच्या चिकटपणाने घात केला. बाबांचे दहाबारा फोटो पुरेत, उरलेली फिल्म आपल्याला इंजिनांवर वापरता येईल, असा हिशेब करून त्याने शुभाला बजावून लिहिलं, फिल्म पुरती गुंडाळू नकोस, जीभ बाहेर ठेव, वर आकडा घाल. छत्तीसच्या छत्तीस फोटो बापाचे काढले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नाही.

शेवटच्या दिवशी आई घरी पुरण शिजवत राहिली आणि शुभा कॉलेजातल्या बाईंचा कॅमेरा घेऊन यार्डात गेली. नंतर बाबांचं कार्ड आलं. फोटो काढले, मला उन्हात तासभर उभं केलं, माझं कसंही येऊ दे, इंजिन तेवढं नीट आलं पाहिजे.

मे महिन्यातल्या एका शनिवारी श्यामकांत परतला. त्याने फिल्म श्रीपादच्या हातात ठेवली आणि म्हणाला, शुभाची चिठ्ठी ट्रंकेत कुठेतरी आहे, उद्यापरवा देतो. श्रीपादने फिल्म आपल्या पत्र्याच्या डब्यात टाकली. त्याच डब्यात त्याच कंपनीच्या दोन कोऱ्या फिल्म होत्या.

रविवारी हेर्लनला असं लख्ख ऊन पडलं की म्हातारे लहान मुलांसारखे खूश झाले. लांबलचक कोळशाची गाडी घेऊन इंजिन वळणावर दिसलं तेव्हा श्रीपादच्या कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती. त्याने घाईघाईने डब्यात हात घातला, हाताला लागली ती फिल्म पाहिली. जीभ बाहेर, आकडा नाही. कोरी. घातली, आणि छत्तीस फोटो काढूनच थांबला.

सोमवारी श्यामकांतने चिठ्ठी आणून दिली. शुभाने लिहिलं होतं, दादा, फिल्मवर आकडा उमटतच नाही, पेन झालं, पेन्सिल झाली, म्हणून इथे लिहिते. चौदा.

श्रीपादने डबा उघडला. दोन फिल्म, दोघींच्या जिभा बाहेर, दोन्ही कोऱ्या करकरीत दिसणाऱ्या. यातली एक शुभाची असेल, असणारच, असं तो स्वतःला सांगत राहिला. तिन्ही फिल्म एकदमच धुवायला पाठवल्या आणि दहा दिवस वाट पाहत बसला. प्रयोगशाळेत गेला की उपकरणावरचे आकडे वाचायचा आणि चौदा दिसला की पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागायचा.

आठव्या दिवशी तार आली. बाबा गेले होते. रिटायर होऊन दोन महिनेही झाले नव्हते, सकाळी अंगणात दात घासताना बसले ते उठलेच नाहीत. बोटीने घरी पोचायला तीन आठवडे, आणि विमान त्याच्या ऐपतीबाहेर. श्रीपाद खोलीत बसून राहिला. श्यामकांत शेजारी बसला होता.

मग पाकीट आलं. दोन फिल्म नुसत्या काळ्याकुट्ट, कोरी स्लाइड धुतल्यावर दिसते तशा. तिसरीतले शेवटचे बावीस फोटो असे सुरेख की मंडळाने भिंतीवर लावावेत, डच इंजिनाचा खिळान् खिळा मोजून घ्या. आणि पहिले चौदा फिकट, उजळून गेलेले, एकावर एक दोनदा उमटलेले. त्यांत इंजिनात इंजिन मिसळलेलं आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी बाबा. एकात खांद्यावरून वाघिणी चाललेल्या, एकात तोंडाच्या जागी दिवा. त्यातल्या त्यात बरा म्हणावा अशा एका फोटोत चपला स्वच्छ दिसत होत्या, दांडी धरलेला हात दिसत होता, आणि चेहऱ्यावरून कोळशाची गाडी चालली होती.

तो फोटो घेऊन श्रीपाद जान्झनमास्तरांकडे धावला. त्यांनी दिव्यासमोर धरून भिंगातून पाहिलं. मग आपल्या अंधाऱ्या खोलीत दोन संध्याकाळी खपले, गडद करून पाहिलं, फिकट करून पाहिलं. कुठलंही इंजिन दिसलं की आधी त्याचा नंबर आणि साल सांगायची मास्तरांना सवय. या वेळी त्यांनी नंबर सांगितला नाही.

"नाही निघत," शेवटी ते म्हणाले. "दोघं एकाच जागी उमटलेत. एकाला पुसलं की दुसराही पुसला जातो. आणि ही जिभेची युक्ती तुला मीच शिकवली."

श्रीपादने त्यांना दोष दिला नाही. द्यायचा होता, पण देता येईना.

इकडे घरून शुभाचं पत्र आलं. आईला लिहितावाचता येत नाही, पत्रं शुभाच वाचून दाखवायची आणि आई सांगेल ते लिहायची. आईने सांगितलं होतं, भिंतीवर लावायला यांचा फोटो पाहिजे, लोक हार घेऊन येतात आणि घालायचा कशाला ते कळत नाही. श्रीपाद उत्तर लिहायला बसला. सवयीने 'ती. सौ. आईस' असं लिहिलं, मग त्या 'सौ.'कडे बघत राहिला, आणि तो कागद फाडून टाकला. दुसऱ्या कागदावर त्याने 'ती. गं. भा.' लिहिलं. आणि खरं लिहायचा धीर होईना म्हणून पुढे लिहिलं, फोटो काढताना मध्ये मालगाडी आडवी आली, त्यामुळे बाबा नीट दिसत नाहीत. सोबत तो चपलांचा फोटो कागदावर छापून घातला. पत्र पेटीत पडल्यावर त्याला आठवलं, फोटो काढणारी शुभाच होती.

तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. वर आईच्या तोंडचा मजकूर, तब्येत सांभाळ, दूध पीत जा. खाली बारीक अक्षरात तिचं स्वतःचं.

"दादा, तिथे गाडी वगैरे काही आली नव्हती. पण आईने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. तेव्हापासून ती रोज विचारते, गाडी निघून गेल्यावर काढलेला फोटो दादा कधी पाठवणार? भिंतीवर खिळा ठोकून ठेवलाय तिने. तिला काय सांगू, ते आता तूच लिही."

श्रीपादने कागद पुढे ओढला. 'ती. गं. भा. आईस शि. सा. नमस्कार. वि. वि.' इतकं लिहिलं. संध्याकाळ झाली तरी कागदावर तेवढंच होतं.