वायफायची कडी

माण गावात राहायला आली त्याच दिवशी घरमालकीण गोजराबाईंनी मृण्मयीला बजावलं होतं, "दिवसाउजेडी दाराला कडी लावायची न्हाई हितं. कडी दिसली की लोकं म्हंत्यात, घरात भांडान हाय."

मूळच्या परभणीच्या मृण्मयीला ती रीत आवडली. पुढं नवऱ्याला, कौस्तुभला, कंपनीनं अमेरिकेला पाठवलं. राऊटर बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, "मॅडम, पासवर्ड काय ठेवू?" तेव्हा ती सहज बोलून गेली, "राहू द्या हो. इथं कुणी कडी लावत नाही."

दार उघडं होतं, पण ते ढकलून येणारं कुणी नव्हतं. मजल्यावरची नोकरदार पोरं सकाळी कंपनीच्या गाडीत बसायची ती अंधार पडल्यावर उतरायची. गोजराबाई खालच्या खोल्यांच्या भानगडीत. उरायची ती आणि अकरा महिन्यांची किमया. पोर झोपली की मृण्मयी लॅपटॉपवर राऊटरचं पान उघडायची. त्याच्याशी कोण कोण जोडलंय, त्यांची नावं तिथं दिसायची. निषाद. शेखर. अपेक्षा. रविवारी यादी लांबायची. यातल्या एकाचंही तोंड तिनं धड पाहिलं नव्हतं, तरी नावं वाचून बरं वाटायचं. भिंतीपलीकडं माणसं आहेत म्हणायची.

संक्रांत झाली आणि येत्या रविवारी किमयाचं बोरन्हाण करायचं ठरलं. शनिवारी कौस्तुभचा फोन आला.

"उद्या तरी मला नीट दिसू दे गं. दर वेळी चित्र अडकतं. मी बोलतोय एक आणि तिथं माझं थोबाड भलत्याच जागी थांबलेलं. तीन महिन्यांची होती ती, मी निघालो तेव्हा. परत येईन तेव्हा परका माणूस बघून रडली तर?"

मृण्मयीनं झोपलेल्या किमयाचं पांघरूण सारखं केलं. मग तिनं विचारलं, "मोडेम बिघडला असेल का? का राऊटर? दोन्ही एकच ना?"

"डबा एकच आहे, कामं दोन. मोडेम टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट घरात आणतो. राऊटर ते घरातल्या यंत्रांना वाटतो. वाटताना प्रत्येकाला एक नंबर देतो, तो आयपी ॲड्रेस. म्हणजे एकाचं दुसऱ्याच्या पानात पडत नाही."

"आणि ते बँडविड्थ म्हणतात ते?"

"पातेलं केवढं आहे ते. आपलं लहान आहे, पण तिघांना पुरतं. जेवायला कोण कोण बसतंय, बघ बरं."

तिनं यादी वाचून दाखवली.

"मृण्मयी, अगं, पंगत बसलीय तिथं! पासवर्ड नाही ठेवलास?"

"शेजारी आहेत रे."

"ओळखतेस?"

तिनं ती यादी पुन्हा वरपासून वाचली.

रविवारी दुपारी तिनं पासवर्ड घातला. यादीतली नावं एकामागून एक गेली. खोली होती तेवढीच होती, तरी तिला ती मोठी वाटायला लागली.

थोड्या वेळानं दारात एक चष्मेवाला मुलगा उभा.

"मी निषाद, शेजारच्या खोलीतला. ते... तुमचं नेट गेलंय का?"

"गेलं नाही. कडी लावलीय." मग तिलाच वाईट वाटलं. "आजच्यापुरती. मुलीचं बोरन्हाण आहे, तिच्या बाबांना तिकडून बघायचंय. तुम्ही या ना."

तेवढ्यात बोरांची टोपली घेऊन गोजराबाई जिना चढून आल्या. "कोन रं तू? माझ्याच खोलीत ऱ्हातुयास आन् तोंड आज दावतुयास? अंडी उबवत बसतुयास का काय?"

"नाही मावशी, काम असतं."

"काम! धर ही टोपली."

संध्याकाळी किमयाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलं. गोजराबाईंनी गल्लीतली चार पोरं गोळा केली होती. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे डोक्यावरून पडले तशी किमया खिदळायला लागली. समोर लॅपटॉप. त्यात कौस्तुभ स्वच्छ दिसत होता, हलत होता, हसत होता. मागच्या खिडकीतलं बर्फसुद्धा दिसत होतं.

"किमू! ए किमू, बाबा!"

किमयानं वर पाहिलं. ओठ काढला आणि भोकाड पसरलं. रांगत आली ती थेट आईच्या पदराखाली.

"हे बघ गं, बाबा..." मृण्मयी तिला पुढं धरत होती, ती अंग चोरत होती.

कौस्तुभ हात हलवायचा थांबला. "मला घाबरली ती," तो हळूच म्हणाला.

आणि मृण्मयीला एकदम उमगलं. या पोरीनं आजवर बाबाला असं हलताना पाहिलंच कुठं होतं? तिचा बाबा म्हणजे तोंड अर्धवट उघडं ठेवून जागच्या जागी थांबलेला माणूस. हा हलणारा कुणी दुसराच होता.

"कौस्तुभ, हलू नकोस," ती म्हणाली. "बोलूही नकोस. अडकल्यासारखा बस."

त्याला कळलं की नाही कोण जाणे, पण तो तसाच थांबला. किमयानं पदराआडून एक डोळा काढला. बराच वेळ बघितलं. मग चुरमुऱ्यांवरून रांगत गेली, लॅपटॉपच्या पडद्याला धरून उभी राहिली आणि आपला चिकट पंजा तिनं त्याच्या गालावर टेकवला. "बाबा."

गोजराबाई पुढं वाकल्या. "पुन्यांदा अडाकलं का गं ते?"

"नाही," मृण्मयी म्हणाली. "चालू आहे."

कौस्तुभच्या डोळ्यातलं पाणी नाकाच्या कडेनं खाली उतरत होतं. त्या चित्रात तेवढंच काय ते हलत होतं.