चार नंबरच्या प्रेसचा फिल्टर

वजीरच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच शिल्लक होती. मधली तीन बोटं भोसरीच्या एका भांड्यांच्या कारखान्यात चार नंबरच्या प्रेसखाली गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. गेली म्हणजे कापली गेली असं नव्हे. कापलेलं बोट निदान उचलून रुमालात तरी बांधता येतं. ही बोटं पत्र्याबरोबर ठोकली गेली होती आणि पत्र्याला पडायची तशी त्यांना भोकं पडली होती.

कसं झालं असं कुणी विचारलं की वजीर म्हणायचा, "मशीन बिघडली हुती. आपसूक दुसरा ठोका पडला." आईला, नजमुन्निसाला, त्याने हेच सांगितलं. गावाकडच्या, निघोज्याच्या भाऊबंदांना हेच, धाकट्या भावाला, युसुफला, हेच. आणि हे साफ खोटं होतं.

खरं असं, की त्या प्रेसला दोन खटके होते, एक डाव्या हाताला आणि एक उजव्या. दोन्ही एकदम दाबले तरच वरचा ठोकळा खाली यायचा. म्हणजे ठोका पडताना माणसाचे दोन्ही हात ठोकळ्यापासून लांब. मशीन बनवणारा शहाणा होता, पण जादा नगांचे जादा पैसे देणारा मालक त्याहून शहाणा. वजीरने बाभळीची एक खुट्टी तासली आणि डाव्या खटक्यात ठोकून बसवली. खटका कायमचा दाबलेला राहिला, ठोका एकट्या उजव्यावर पडू लागला, डावा हात पत्र्याच्या चकत्या ठोकळ्याखाली सरकवायला मोकळा झाला आणि नग दीडपट निघू लागले. महिन्याभरात सगळ्या प्रेसवर खुट्ट्या बसल्या. पोरं वजीरला उस्ताद म्हणू लागली. फोरमन लक्ष्मणराव खुट्टीकडे बघून खाकरले आणि म्हणाले, "मी काही पाहिलं नाही बरं का."

ज्या दिवशी बोटं गेली, त्या दिवशी सरकारी इन्स्पेक्टर यायच्या आत याच लक्ष्मणरावांनी खुट्टी उपटून भंगारात फेकली आणि कागदावर कामगाराचा हलगर्जीपणा लिहिला. करून सवरून नामानिराळे. वजीरही गप्प बसला. आपणच तासलेल्या लाकडाने आपली बोटं खाल्ली, हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं? मशीन बिघडली म्हटलं की अब्रू तरी राहते.

पण खोट्याला पाय फुटतात. दिवाळीनंतर युसुफ त्याच कारखान्यात लागला आणि त्याला चार नंबरच मिळाली. "ती तर आता दुरुस्त केलीया, भाई," असं तो हसत म्हणाला, तसा वजीर उठला. त्याने युसुफला आईसमोर बसवलं आणि शपथ घ्यायला लावली, की दोन्ही हात खटक्यांवर राहतील, कुणी काहीही शिकवलं तरी. युसुफने अम्माच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. का, ते वजीरने सांगितलं नाही. त्या दिवसापासून वजीरला एकच घोर लागला होता. पाळी संपवून युसुफ दारात आला की हा आधी त्याच्या हातांकडे बघायचा, मग तोंडाकडे.

वजीर स्वतः पिंपरी कॅम्पात नूरमोहम्मद चाचांच्या भांड्यांच्या दुकानात होता. गिऱ्हाइकाने भांडं घेतलं की त्यावर नाव टाकून देणं हे त्याचं काम. उजव्या हातात हातोडी, डाव्या अंगठ्या-करंगळीच्या चिमटीत छिन्नी. लोक भांड्यापेक्षा त्या चिमटीकडेच जास्त बघायचे. वजीरला त्याचा संताप यायचा आणि तो संताप तो पत्र्यावर काढायचा. त्याने टाकलेली नावं फार खोल असत.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्चमध्ये, एका दुपारी, लक्ष्मणराव बायकोला घेऊन त्याच दुकानात आले. अर्धी रजा टाकून आले होते. सुमनताईंना कॉफीचा फिल्टर हवा होता. कॉलनीत शेजारी अय्यर म्हणून कुटुंब होतं, त्यांच्याकडची कॉफी पिऊन पिऊन बाईंना घरचा चहा गोड लागेना. लक्ष्मणरावांना वजीर इथे असेल याची कल्पना नसावी. त्याला पाहून ते उंबऱ्यातच थबकले, पण बाई आत शिरल्या होत्या, आणि खरेदीला निघालेल्या बाईला परत फिरवणं त्यांच्या बापालाही जमलं नसतं.

चाचांनी गल्ल्यामागून फर्मावलं, "वजीर, बाईंना फिल्टर दाखव."

वजीरने दोन काढले. एक पितळी, आतून कल्हई केलेला, जड. एक स्टीलचा, चकचकीत, हलका.

"अय्यरबाई म्हणतात पितळीच घ्या, कॉफी गरम राहते," सुमनताई म्हणाल्या. "पण कल्हईची कटकट. तुम्ही सांगा, भाऊ, कुठला घेऊ?"

"बाई, धातू नंतर बघायचा. आधी भोकं बघायची," वजीर म्हणाला. तीन वर्षांत त्याने शंभर बायकांना हे सांगितलं असेल. "भोकं मोठी असली तर पाणी भसाभस उतरतं, अन् कॉफीचं नुसतं काळं पाणी होतं. बारीक असली तर सकाळची कॉफी दुपारी. थेंब कसा, एकामागं एक पडाया पाहिजे."

त्याने स्टीलचा फिल्टर उघडला, वरचं भांडं वेगळं केलं आणि तळ उजेडाकडे धरला. बुडाशी कारखान्याचा ठसा होता, त्याखाली प्रेसचा नंबर आणि महिना. चार. फेब्रुवारी. म्हणजे गेल्या महिन्यातला. चार नंबरवर दिवाळीपासून युसुफशिवाय कुणी बसत नव्हतं.

भावाच्या हातचा नग म्हणून त्याला क्षणभर बरं वाटलं. मग त्याने भोकांच्या रांगा पाहिल्या.

रांगा मधोमध नव्हत्या. सगळ्या डावीकडे सरकल्या होत्या आणि कडेचं एक भोक अर्धवट चिरडलेलं होतं. चकती नीट बसवून दोन्ही हातांनी ठोका दिला तर हे होत नाही. डावा हात चकतीवर असतानाच ठोका पडला, हात ओढून घेताना चकती हलली, की रांग अशी सरकते. वजीरच्या स्वतःच्या चकत्या दोन वर्षं अशाच निघत होत्या.

त्याने मांडणीवरचा दुसरा फिल्टर ओढला, तिसरा ओढला. चार नंबर, डावीकडे. चार नंबर, डावीकडे.

"काय झालं, फुटकाय का?" सुमनताईंनी विचारलं.

वजीरने पहिला फिल्टर परत हातात घेतला. तो लक्ष्मणरावांकडे वळला. "साहेब, युसुफच्या खटक्यात खुट्टी हाय?"

"दुकानात हे विषय नकोत," लक्ष्मणराव हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हात काउंटरवर होता, बोटांत लग्नाची अंगठी.

"हाय का न्हाई?"

"सगळ्यांच्याच आहे. पोरं खूश, मालक खूश. मी कोण अडवणारा?" आणि मग, बायकोसमोर वजीरने आवाज चढवला म्हणून असेल, ते चिडून म्हणाले, "आणि तू कुणाला विचारतोस? ती अक्कल कुणाची? उचलली जीभ लावली टाळ्याला. खुट्टी तासली कुणी, मी?"

वजीरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलणं खरं होतं, म्हणूनच गेली. हातातला स्टीलचा फिल्टर त्याने लक्ष्मणरावांच्या तोंडावर हाणला. वरचा ओठ फाटला आणि एक दात काउंटरवर पडून घरंगळला. ते तोंड धरायला हात उचलतात न उचलतात तोच वजीरने काउंटरवरची आपली हातोडी उचलून त्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज चाचांनी गल्ल्यापाशी ऐकला. अंगठी चेपून बोटात रुतली. वजीरने पुन्हा हातोडी उचलली, आणि या वेळी त्याने हाताचा नव्हे, डोक्याचा नेम धरला होता. तो मारणार होता, यात काही शंका नाही.

सुमनताईंनी पितळी फिल्टर दोन्ही हातांनी उचलला आणि वजीरच्या कपाळावर घातला. बाईंची निवड अशी झाली. पितळ जड असतं. वजीर भांड्यांच्या उतरंडीवर कोसळला, पातेली गडगडत रस्त्यावर गेली, भुवईपासून रक्ताची धार लागली. त्या पुन्हा मारायला धावल्या. "माझ्या नवऱ्याला मारतोस, मेल्या!"

"पोलीस! अरे, कुणीतरी पोलिसाला बोलवा!" चाचा ओरडत होते.

पोलीस येतील, धरतील, कोठडीत टाकतील, तोवर दुसरी पाळी संपेल. आणि युसुफ दुसऱ्या पाळीला होता. वजीरला एवढंच सुचलं. तो उठला, रक्त पुसलं आणि चाचांची सायकल काढून भोसरीच्या रस्त्याला लागला. हातोडी त्याने हँडलला धरूनच ठेवली होती. एक डोळा रक्ताने मिटला होता. दुसऱ्याने तो रस्ता बघत होता आणि तोंडाने शिव्या देत होता, फोरमनला, मालकाला, बाभळीला, पण सगळ्यात जास्त स्वतःला.

फाटकावर किसन वॉचमन होता, जुन्या ओळखीचा. "वजीरभाऊ, आरं हे काय झालं?" म्हणत तो आडवा आला. वजीरने त्याला खांद्याने उडवलं आणि आत शिरला.

आत आठ प्रेस ठोके देत होत्या. चार नंबरवर युसुफ पाठमोरा बसला होता. डाव्या खटक्यात खुट्टी होती. त्याचा डावा हात ठोकळ्याखाली जात होता, येत होता, जात होता, येत होता, आणि तोंडाने तो कुठलंसं गाणं म्हणत होता.

ओरडायची सोय नव्हती. हाक मारली आणि पोरगं दचकलं, तर हात तिथेच राहील. वजीर त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. अगदी समोर भावाचा हात मरणाच्या तोंडात जात होता आणि त्याला श्वास रोखून ठोके मोजत उभं राहावं लागलं. असं मोजणं त्याच्या वैऱ्यावरही येऊ नये. चौथा ठोका पडला, ठोकळा वर निघाला, युसुफचा हात चकती घेऊन बाहेर आला, आणि वजीरने त्याची मान धरून त्याला स्टुलावरून मागे फेकलं.

मग हातोडी खटक्यावर. एक घाव, दुसरा, तिसरा. खुट्टीचा भुगा झाला, खटका तुटून लोंबकळला, ठिणग्या उडाल्या. पोरं धावली.

"आरं, कोण हाय? प्रेस फोडतोय!"

"धर त्याला!"

दोघांनी वजीरला मागून धरलं, तिसऱ्याने पोटात बुक्का घातला. प्रेस फुटली म्हणजे सगळ्यांच्या जादा पैशावर पाणी. पूर्वी याच पोरांनी त्याला उस्ताद म्हटलं होतं. युसुफ उठला. भावाचा रक्ताळलेला चेहरा ओळखायला त्याला जरा वेळ लागला.

"भाई! काय केलंस ह्ये? माझी नोकरी घालवलीस!"

वजीर हिसडा देऊन सुटला आणि त्याने युसुफच्या कानशिलात भडकावली. एक नव्हे, चार. "अम्माची शपथ घेतली हुतीस! खोटी शपथ, भाडखाऊ!"

"तुझी मशीन बिघडली हुती!" युसुफ ओरडला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं. "तूच म्हनला हुतास ना, मशीन बिघडली हुती? ती कवाच नीट झाली! मग खुट्टीला कशाला भ्यायचं? सगळीच लावत्यात!"

वजीरचा उगारलेला हात खाली आला. आता लपवायला जागा राहिली नव्हती. लाज वाटत होती, तीही आता चुलीत गेली.

"मशीन कवा बिघडलीच नव्हती," तो म्हणाला. "खुट्टी हुती. मीच तासलेली. पहिली खुट्टी माझी, युसुफ. ह्या सगळ्या प्रेसवर हायत त्या माझ्याच पिल्लावळी. बोटं खुट्टीनं गेली. म्या तुला खोटं सांगितलं."

युसुफने नाकाचं रक्त बाहीला पुसलं. पलीकडे पाच नंबरवरचा पोरगा ठोके देतच होता. त्या पोराने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा चकती सरकवली.

"अम्मा तीन वर्सं त्या मशीनला शिव्या देतीया," युसुफ म्हणाला. "म्या चार महिनं हात घालतोय त्यात. रोज. हसत. तुला ठावं हुतं, अन् तू बोलला न्हाईस?"

वजीर त्याच्याकडे एक पाऊल सरकला.

युसुफ त्याच्या अंगावर तुटून पडला. दोघं पत्र्याच्या कातरणांवर आपटले. युसुफ त्याच्या छातीवर बसला, आधी तोंडावर बुक्के मारले, उजवा, डावा, उजवा, डावा, आणि मग दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला. पोरं सोडवायला वाकली, पण त्या पोराच्या अंगात कुठून बळ आलं होतं कोण जाणे. तो रडत होता आणि आवळत होता.

वजीरने हात उचलला नाही. मानेत रुतणारं एकेक बोट त्याला निराळं लागत होतं, भावाच्या डाव्या हाताचीसुद्धा, मधली तिन्हीसुद्धा. श्वास कोंडला होता, डोळ्यांपुढे अंधार येत होता आणि तरी तीन वर्षांत वाटलं नव्हतं एवढं त्याला बरं वाटलं.

"आवळ," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "दोन्ही हातांनी आवळ, भावा."