नुसतं माझ्याकडे बघा

मित्रांनो, मी एक जुना हिरवा दिवा आहे. दिवा म्हटल्यावर खोली उजळणारा वगैरे समजू नका. डोळ्यांच्या दवाखान्यात लेसरचे एक भलेमोठे यंत्र आहे, त्याच्या पोटाशी मी मोहरीएवढा लुकलुकतो. खाली झोपलेल्या माणसाने माझ्याकडे टक लावून बघायचे, एवढेच माझे काम. नजर माझ्यावर ठरली की लेसर डोळ्यावर काम करतो. माणसे बरी होतात आणि कौतुक लेसरचे करतात. नवेपणी हे मनाला फार लागायचे. आता सवय झाली आहे. रोजची पुसापुशी चालते तेव्हासुद्धा माझ्यावरून फडके घाईघाईनेच फिरते.

एकदा एक सिस्टर आल्या. तान्ह्या बाळांच्या वॉर्डात काम करणाऱ्या. त्यांना जवळचे धूसर दिसायचे म्हणून जाड चष्मा होता, आणि मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरायची. एकदा बाळाच्या दोऱ्याएवढ्या शिरेत सुई घालताना त्यांचा अंदाज चुकला आणि त्या जिवाला पुन्हा टोचावे लागले. तेव्हापासून त्यांनी स्वतःहून बाळांना सुया टोचणे सोडले आणि औषधांच्या कपाटाचे काम मागून घेतले. आडवे होता होता हे सगळे त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितले.

"मला माझी बाळं परत हवी आहेत," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी थेंब टाकून डोळा बधिर केला, पापण्यांना बारीक चाप लावला आणि बुबुळावरचा पारदर्शक पापुद्रा हलकेच उलटला. टाका नाही, रक्त नाही. आता लेसर कडेकडेने गोल फिरणार होता. तो गोल जरा सरकला तर नजरेत कायमचा दोष राहतो, म्हणून डोळा हलला की यंत्र आपोआप थांबते.

लेसरची टकटक सुरू झाली आणि सिस्टरांनी मान मागे ओढली. यंत्र गप्प. डॉक्टरबाईंनी समजावले, पुन्हा सुरू केले. पुन्हा मान मागे, पुन्हा यंत्र गप्प. माझाच उजेड कमी पडतो आहे की काय? आणखी एकदा असे झाले तर पापुद्रा मिटवून आज थांबावे लागेल, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. सिस्टरांनी चादर मुठीत गच्च धरली होती.

"दिवा पसरट दिसतोय," त्या म्हणाल्या. "नीट दिसावा म्हणून मान मागे जातेय."

तेव्हा माझ्या लक्षात आले. जवळचे दिसेना की मान मागे घ्यायची, ही त्यांची जन्माची सवय. बिचाऱ्या मन लावून बघायला गेल्या आणि तिथेच घोटाळा झाला.

"नीट दिसायला नकोच आहे," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "धूसर तर धूसर, नुसतं त्याच्याकडे बघा."

सिस्टर पुटपुटल्या, "हलू नकोस राजा, आत्ता झालं." सुई टोचताना त्या बाळांना असेच सांगत असणार. आज मात्र ते स्वतःसाठी होते. टकटक सुरू झाली. लेसर चालला की येतो तो जळक्या केसांसारखा वास आला. बुबुळ थरथरले, आता निसटणार असे वाटले, आणि माझ्यावर येऊन ठरले. मी जीव एकवटून लुकलुकत राहिलो. टकटक थांबली तेव्हा माझा धीरच सुटला. पण या वेळी ती काम संपले म्हणून थांबली होती.

दुसरा डोळा बिनबोभाट पार पडला. पुढे तपासणीला आल्या तेव्हा सिस्टर मुद्दाम मला बघायला खोलीत आल्या. चेहरा अगदी जवळ आणला. मान मागे गेली नाही.

"एवढासाच आहेस होय?" त्या म्हणाल्या. "आणि हे काय, कडेला धूळ बसलीय."

इतकी बारीक धूळ, डॉक्टरबाईंनाही चटकन दिसली नाही. सिस्टरांनी ओला कापूस घेतला आणि बाळाची पापणी पुसावी तसे मला पुसले. मग घड्याळ बघून त्या लगबगीने निघाल्या. वॉर्डातल्या बाळांच्या सुईची वेळ झाली होती.

मित्रांनो, कधी माझ्याखाली आडवे व्हायची वेळ आली तर मी धूसर दिसलो म्हणून घाबरू नका, नुसते माझ्याकडे बघा. आणि बरे होऊन परत आलात तर माझ्यावरून एकदा कापूस फिरवा. मला फार बरे वाटते.