जाईवरची पाहुणी

ताईच्या परसात कुंपणाच्या जाळीवर जाई होती आणि जाईवर पाहुणी होती. पाहुणी हे नाव ताईनंच ठेवलेलं. न बोलावता आलेली, आल्या आल्या पाय पसरलेली आणि निघायचं नाव न घेणारी वेल, तिला दुसरं काय म्हणायचं? पहिल्या वर्षी तिला जांभळी फुलं आली तेव्हा ताईनं कौतुकानं शेजारणीला बोलावून दाखवली होती. पुढच्या वर्षी जाईच दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे डोळे उघडले. या घरात ताई राहायला आली त्या वर्षी लावलेली ती जाई. घरातली सगळ्यात जुनी सोबत तीच.

ताई आयुष्यभर नर्स होती. तिच्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा हळू चालायचे. लग्न केलं नाही, आणि का नाही केलं हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. निवृत्त झाल्यावर धाक दाखवायला कुणी उरलं नव्हतं, तेवढ्यात धाकट्याला अर्धांगाचा झटका आला.

धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. बंदरावर क्रेन चालवायचा. खोलीएवढा लोखंडी डबा उचलून जहाजावर असा टेकवायचा की आतल्या कपबशा वाजू नयेत. आता उजवा हात मांडीवर पडून असायचा आणि उजवा पाय मनात येईल तेव्हा चालायचा. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. ताईनं त्याला आपल्या घरी आणलं आणि कंबर कसली. शर्टाची बटणं ती लावायची, ताटातले तुकडे ती करायची, त्यानं पाण्याचा पेला उचलला की खाली तिचा हात तयार. तो काही करायला उठला की ती म्हणायची, तू बस. तो बसायचा. वर्षभर बसला बिचारा.

मग एका सकाळी चहा पिताना त्यानं सहज सांगावं तसं सांगितलं की आपण वृद्धाश्रमात फोन केला होता. तिथे एक खोली रिकामी आहे, महिनाअखेरपर्यंत आपल्यासाठी ठेवणार आहेत. तिथे म्हणे ज्याला जमेल त्याला बागेत काम देतात, कुंड्या भरायचं. ताईनं कपाळाला आठी घातली आणि इथे काय कमी आहे असं विचारलं. कमी काहीच नाही, तो म्हणाला, जास्तच आहे. एक तरी काम माझं म्हणून दे, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं, तू बोटसुद्धा लावायचं नाहीस. नाहीतर मी चाललो.

खरं सांगायचं तर ताई घाबरली. रिकाम्या घरात ती अर्धं आयुष्य राहिली होती, पण भावाच्या काठीची टकटक दिवसभर ऐकल्यावर पुन्हा त्या शांततेत राहणं तिला जमणार नव्हतं. हे ती कुणाला बोलली नसती. तिनं चहाचे कप उचलले आणि त्याला सांगितलं की पाहुणीचा बंदोबस्त कर.

शिकवलं मात्र तिनंच, आणि वॉर्डात शिकवायची तसं शिकवलं. पाहुणीचं पान पत्त्यातल्या बदामासारखं, जाईची पानं बारकी, देठाच्या दोन्ही बाजूंना ओळीनं. वर ओळखायला सोपं. पण जमिनीजवळ दोघींची खोडं सारखीच तपकिरी, बिनपानाची आणि एकमेकींना बिलगलेली. तिथे नखानं साल ओरखडायची. पांढरा चीक आला तर पाहुणी, नाही आला तर जाई. पाहुणी बुंध्यात कापायची आणि वरून ओढायची नाही, नाहीतर जाईच्या फांद्याही मोडून हातात येतात. वरचं सगळं सुकलं की मग सोडवायचं, आणि शेवटी मुळं खणायची. तुकडा मातीत राहिला की त्यातून पुन्हा फुटते, म्हणून सगळं बादलीत टाकायचं. धाकट्यानं मान हलवत ऐकलं, छोटी करवत डाव्या हातात घेतली आणि तिला म्हणाला, आता तू आत जा.

ताई आत गेली. खिडकीपासून चांगली दोन पावलं मागे उभी राहिली, म्हणजे तिला दिसावं आणि त्याला दिसू नये. करवतीचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. दोनदा तिचा हात दाराच्या कडीवर गेला आणि दोनदा तिनं स्वतःलाच दटावलं. दुपारी तो आत आला तो मातीनं माखलेला. हातसुद्धा न धुता जेवायला बसला, निम्मं टेबलावर सांडलं, आणि ताईनं चक्क ते सांडू दिलं. आता बघ पाहुणीचं तोंड कसं उतरतं, असं तो जेवताना पुन्हा पुन्हा सांगत होता. झटका आल्यापासून तो एवढं बोलला नव्हता.

रोज सकाळी काठी टेकत तो वेल बघायला जायचा. कुठे कुठे पानं मलूल दिसायला लागली होती, पण एवढ्या गुंत्यात कुणाची ते कळत नव्हतं. मग एका सकाळी फिजिओथेरपीच्या केंद्रातला माणूस त्याला गाडीतून व्यायामाला घेऊन गेला, आणि ताई कपडे वाळत घालायला परसात आली.

जाई मान टाकून बसली होती. बारकी पानं आक्रसून देठांना लोंबत होती. आणि तिच्या डोक्यावर पाहुणी जांभळी फुलं मिरवत ताजीतवानी.

ताई गुडघ्यांवर बसली. बुंध्याशी काय झालंय ते तिला लगेच उमगलं. पाहुणीच्या बारक्या फांद्या त्यानं बरोबर शोधून कापल्या होत्या. पण त्यांचा चीक त्याच्या नखाला लागला, त्याच नखानं त्यानं जाईचं खोड ओरखडलं, तिथे पांढरं दिसलं आणि त्यानं तेही कापलं. पाहुणीच्या जाड बुंध्याची साल मात्र त्याच्या डाव्या हाताच्या नखाला दाद देईना, चीक आला नाही, म्हणून तीच जुनी जाई समजून त्यानं सांभाळून ठेवली. एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवा, हे ताईनं उभ्या आयुष्यात शेकडो पोरींना घसा फोडून सांगितलं होतं. भावाला नख पुसायला सांगायचं राहिलं.

जाईचं दुःख करायला तिला सवडच झाली नाही. तो परत येईल, बघेल, एक अक्षर न बोलता बॅग भरेल, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे होतं. तिनं करवत आणली आणि पाहुणीचा जाड बुंधा कापून टाकला. धाकटा आल्यावर त्याच्यापुढे ताट ठेवता ठेवता तिनं सांगितलं की काल आपल्या हातून घोटाळा झाला. तू आत झोपला होतास, राहिलेली पाहुणी कापावी म्हणून गेले आणि जाईच कापली गेली.

धाकट्यानं ताट सरकवलं आणि काठी घेऊन परसात गेला. ताई मागोमाग. पालथ्या बादलीवर कसाबसा बसून त्यानं जाईच्या बुंध्यावरून डावा हात फिरवला.

"हा घाव माझा आहे," तो म्हणाला. "करवत अडकली होती, मी काढून पुन्हा लावली. दोन खाचा आहेत बघ."

ताईनं सारवासारव केली. दोन खाचा कुणाच्याही हातून पडतील म्हणाली, हल्ली आपल्याला नीट दिसत नाही म्हणाली. ते चालेना तेव्हा नखाची गोष्ट काढली. मीच सांगायला विसरले, म्हणजे चूक माझीच नाही का?

त्यानं हाताची माती मांडीवर पुसली.

"ताई, बटणं तू लावतेस, पेला तू धरतेस, दुखलं तर कुठे दुखतंय तेही डॉक्टरला तूच सांगतेस. मी काही बोललो नाही. पण ही चूक माझी आहे. ती तरी माझ्याकडे राहू दे."

आणि मग ताईला राग आला. खरा, जुना, लहानपणचा राग. वर्षभर तिनं त्याच्यावर आवाज चढवला नव्हता, आजारी माणसावर कोण चढवतं? आता सगळं तुंबलेलं बाहेर पडलं. माझी जाई मारलीस, ती म्हणाली. शंका आली तर हाक मारायला काय झालं होतं? पहिल्यापासून तुझं हेच, अर्धं ऐकायचं आणि पुढे सुटायचं. तिथून ती लहानपणी त्यानं मोडलेल्या तिच्या छत्रीपर्यंत गेली आणि परत जाईवर आली. तिच्या सवयीच्या बाहेरची गोष्ट, पण ती रडली, त्याच्यासमोर उभी राहून रडली. धाकटा खाली मान घालून सगळं ऐकून घेत होता.

पुन्हा फुटेल का ती, असं त्यानं शेवटी विचारलं. माहीत नाही, ताई म्हणाली. तिनं त्याला समजुतीचं काही सांगितलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत तो फोनपाशी जाऊन बसला. डाव्या हातानं नंबर फिरवताना चुकला, ठेवला, पुन्हा फिरवला. ताई दारात उभी होती. फोनशेजारच्या चिठ्ठीवर वाचून वाचून वृद्धाश्रमाचा नंबर तिला पाठ झाला होता, पण ती जागची हलली नाही.

"खोली दुसऱ्या कुणाला द्या," तो म्हणाला. पलीकडच्या बाईनं कारण विचारलं असावं. "इथे माझ्या हातून एक वेल मेली आहे. ते मला निस्तरायचं आहे."