उपाशी ठेवायची प्लेट

ताई दमली होती असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. रात्री इस्पितळात भावाच्या खाटेशेजारी स्टुलावर काढायच्या, सकाळी तिथूनच प्रयोगशाळेत यायचं आणि माणसांच्या गाठींतून काढलेल्या पेशींना प्लेटमध्ये खाऊपिऊ घालून जगवायचं. पेशी जगवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. हौस कधीच संपली होती, हात तेवढे चालत होते.

आता प्लेटमध्ये तिच्या त्या धाकट्या भावाच्याच पेशी होत्या. मानेला गाठी, काखेत गाठी, आणि ताप उतरायचं नाव घेत नव्हता. एरवी रोगाशी लढणाऱ्या बी-पेशी त्याच्या अंगात बेसुमार वाढत सुटल्या होत्या. डॉक्टरांना कॅन्सर वाटत होता. त्याची जालीम औषधं सोसायला धाकट्यात जीव उरला नव्हता, हे ताईला दिसत होतं.

प्रयोगशाळेच्या मॅडमना मात्र वेगळीच शंका होती. पेशी एकमेकींना प्रथिनांतून निरोप धाडतात, आणि ‘वाढा’ असं सांगणारं एक प्रथिन धाकट्याच्या रक्तात अतोनात झालं होतं. पेशी मुळात बिघडलेल्या नसून नुसत्या चिथावलेल्या असल्या, तर निरोप अडवणारं इंजेक्शन पुरलं असतं.

म्हणून दोन प्लेटा लावल्या. एकीत पेशी आणि धाकट्याच्या रक्तातलं सीरम, म्हणजे ते प्रथिन असलेलं रक्तातलं पाणी. दुसरीत तेच, वर निरोप अडवणारं औषध.

“दुसरीला काही घालायचं नाही, नुसतं बघायचं,” मॅडम म्हणाल्या. “खरं तर हे काम तुला द्यायलाच नको. पण दुसरं आहे कोण?”

पहिली प्लेट फोफावली. दुसरीतल्या पेशी सुरकुतायला लागल्या. ताई सूक्ष्मदर्शकातून बघत होती. धाकट्याच्या पेशी, आणि डोळ्यांदेखत मरताहेत! हाताला वळण पडलेलं. डोकं जागं व्हायच्या आत तिने फ्रीजमधली कुपी काढून तेच निरोपाचं प्रथिन प्लेटमध्ये सढळ हाताने, औषधाला पुरून उरेल इतकं सोडलं. कोमेजलेल्या प्लेटला ती नेहमी हेच द्यायची.

दुसऱ्या दिवशी प्लेट तरारली होती. ताई ती घेऊन मॅडमपुढे उभी राहिली.

“मॅडम, मी माती खाल्ली. दुसरीलाही जेवू घातलं.”

मॅडमना रागवायचंही त्राण नव्हतं. त्यांनी प्लेट बघितली.

“तोडलं की मरतात, दिलं की उठतात. लक्षण चांगलं आहे गं. पण असली प्लेट दाखवून डॉक्टरांना औषध बदला म्हणता येणार नाही. थोड्या पेशी राखून ठेवल्यात, पुन्हा लाव. आणि या खेपेला हात मांडीवर.”

ती इस्पितळात गेली तेव्हा धाकटा जागा होता.

“काय म्हणतात माझ्या पेशी?”

“तुझ्यासारख्याच. हावरट.”

“मग ठेव की उपाशी. लहानपणी माझ्या वाटणीचं खायचीस, तेव्हा नाही दया यायची!” तो हसला, आणि हसण्यानेही त्याला धाप लागली.

नव्या प्लेटमध्ये पेशी पुन्हा सुरकुतायला लागल्या. फ्रीज हाताच्या अंतरावर होता. ताईला रडू फुटलं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“मरा मेल्यांनो,” ती पुटपुटली. “मरा एकदाच्या.”

प्लेटमधल्या पेशी मेल्याची खात्री करून मॅडम डॉक्टरांना फोन करायला उठल्या, तेव्हा ताई टेबलावर डोकं टेकून गाढ झोपली होती. हात अजून मांडीखालीच होते.