दुसरं टोक

"टेकव... टेकव. हं, आता श्वास घे," धाकटा म्हणाला, आणि दोघा भावांनी आरसा जिन्याच्या तोंडाशी गोणपाटावर उभा केला.

आरसा चांगलाच मोठा होता. तिसऱ्या मजल्यावर नाच शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्या खोलीची भिंत झाकायला तो निघाला होता. इमारतीला लिफ्ट होती, पण ती इतकी चिंचोळी की एक जाडा माणूस आणि त्याची छत्री एवढंच तिच्यात मावलं असतं. तेव्हा जिन्याला पर्याय नव्हता.

"मी पाठमोरा जातो," दादा म्हणाला.

"या वेळी मी जातो की. किती वर्षं तूच..."

"ढब्या, शहाणपणा पुरे. तू हाक दे."

ढब्या हे लहानपणचं नाव. धाकटा आता काडीसारखा झाला होता, गेल्या वर्षभरात तर जास्तच. पण दादाच्या तोंडी तो ढब्याच राहिला होता. वर्षभरानं ते नाव ऐकलं आणि त्यानं हातमोजे उगाच पुन्हा ओढून घट्ट केले.

दोघं एकाच काचेच्या कंपनीत होते. मोठी काच वर चढवायची तर दोन माणसं लागतात. एक पुढं तोंड करून चालतो आणि वाट सांगतो. दुसरा उलट्या पावलांनी जातो. उलटं जाणाऱ्याला स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत, म्हणून ते टोक कुणाला नको असतं. दादा मात्र नेहमी तेच मागून घ्यायचा. "याच्या पाठीला डोळे आहेत," असं कंपनीतले लोक म्हणायचे, आणि दादा हसून घ्यायचा. धाकट्याला वाटायचं, मोठा भाऊ म्हणून अवघड बाजू घेतो. त्याला त्याचा अभिमान वाटायचा आणि थोडा रागही यायचा.

मग एक दिवस धाकट्यानं सांगितलं, की मी आता स्वतःचं काम सुरू करतोय. दादा म्हणाला, "मग माझ्यासमोर कोण उभं राहणार?"

धाकट्याच्या डोक्यात तिडीक गेली. आपण जन्मभर याच्या हुकमाखाली राहावं, असंच याला वाटतं, अशी त्यानं मनाशी खूणगाठ बांधली. त्यानंतर दोघांत बोलणं असं उरलंच नाही. दोन-तीन महिन्यांनी कानावर आलं, की कुठल्याशा कचेरीच्या जिन्यात दादाच्या हातून मोठी काच सुटली, नव्या जोडीदाराचा पाय कापला आणि दादा आता घरीच असतो. धाकटा त्याला भेटायला गेला नाही. खरं सांगायचं तर बातमी ऐकून त्याला आतून थोडं बरंही वाटलं होतं. बघा, मी नसलो की काय होतं!

स्वतःच्या धंद्याचं वर्ष त्याला बरंच काही शिकवून गेलं. मालक आपणच, त्यामुळे शिव्या घालायला कुणी नाही. दांडी मारली तर आपलंच पोट मारायचं. ताप आला तरी गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. पण सगळ्यात आधी कळलं ते हे, की दोन हात पसरले की जेवढी रुंदी भरते तेवढाच आपला धंदा. खिडकीची तावदानं, न्हाणीघरातले आरसे, तसबिरींच्या काचा. त्याहून मोठं काही आलं, की तो "सध्या वेळ नाही" म्हणायचा. दोनदा भाड्यानं माणूस आणून पाहिला. हाक द्यावी तर तो भलत्याच वेळी थांबायचा.

या बाईंना मात्र नाही म्हणवलं नाही. त्यानं वहिनीला फोन केला.

"विचारा की त्याला, तो नाही म्हणणार नाही," वहिनी म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "पण भाऊजी, वाट सांगायला तुम्हीच असाल ना? दुसरं कुणी नाही ना?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

"मग येईल तो."

आता धाकटा हाका देत होता. "पायरी. पायरी. अजून एक. सपाट. डावीकडे वळण, सावकाश." आणि दादाचं पाऊल शब्दाबरोबर पडत होतं, जरा अलीकडे नाही की पलीकडे नाही. वर्षाचा खंड पडला होता हे त्या जिन्याला कळलंही नसतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आरसा भिंतीपासून बोटभर अंतरावरून गेला, आणि दोघं एकदमच हसले. धाकट्याला वाटलं, झालं गेलं विसरून जावं. खाली गेल्यावर आपणच म्हणू, दादा, उद्यापासून ये माझ्याबरोबर. तो नाही म्हणाला तर मात्र काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

खोलीत भिंतीवरचा जुना आरसा काढून दोघांनी नवा आरसा चढवला. दादा खालच्या क्लिपा बसवायला गुडघ्यांवर बसला. तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी कप त्याच्या खांद्याशी धरला.

"घ्या."

दादा हललाही नाही. बाईंनी पुन्हा म्हटलं, तेव्हा आवाजाच्या दिशेनं तो इतक्या झटक्यानं वळला, की कपच उडाला.

"लक्ष नव्हतं हो माझं. माफ करा," दादा पुटपुटला. बाई फडकं आणायला आत गेल्या.

त्या धांदलीत त्याच्या हातातला स्क्रू पडला. पांढरी फरशी, काळा स्क्रू, आणि तोही गुडघ्याला लागूनच. दादा तळहात सपाट ठेवून फरशी चाचपू लागला. आधी डावीकडे, मग पुढं. मग मान पार खाली घालून, डोकं सावकाश इकडून तिकडे फिरवत. धाकटा काहीतरी चेष्टेचं बोलणार होता, ते ओठांवरच राहिलं. तो वाकला, स्क्रू उचलून त्यानं दादाच्या हातात ठेवला आणि हात तसाच धरून ठेवला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दादा."

दादानं दाराकडे तोंड करून बाई नाहीत ना, याची खात्री करून घेतली.

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून. कडेकडेनं जात गेलं. आता मधोमध तेवढं उरलंय, नाण्याएवढं. तुझं तोंड दिसतं, कान नाही दिसत."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"गेलेलं येत नाही म्हणतात. आहे तेही जाईल हळूहळू."

धाकट्याला आता उलगडा झाला. पाठमोऱ्या माणसाला दिसत नाही याचं कुणाला नवल वाटत नाही. एवढी वर्षं दादा त्याच्या हाकेवर चालत होता, आणि त्याची हाक गेली त्या दिवशी दादाची नोकरी गेली. फक्त कंपनीला ते कळायला दोन-तीन महिने लागले.

"मला सांगायचंस ना," तो म्हणाला. आवाज त्याला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला.

"सांगितलं असतं तर तू गेला असतास का?"

दादा पुन्हा क्लिपेकडे वळला, बोटानं भोक शोधून त्यानं स्क्रू लावला आणि पेचकस फिरवत राहिला. वरच्या क्लिपा धाकट्यानं लावल्या. समोर एवढा मोठा आरसा होता, पण दोघांनीही त्यात एकमेकांकडे पाहिलं नाही.

काम संपलं. बाई खूश होत्या. भिंतीशी टेकवलेल्या जुन्या आरशाकडे बोट करून त्या म्हणाल्या, "तेवढा हाही न्या ना. इथं नुसती अडचण होते."

"नंतर बघतो," धाकटा म्हणाला आणि दादाच्या मागे बाहेर आला. जिन्याच्या तोंडाशी त्यानं दादाचा दंड धरला.

दादानं हात सोडवून घेतला. रागानं नाही, पण ठामपणे.

"आता हातात काच नाहीये, ढब्या. चालतो मी."

खालून नाचाच्या वर्गाच्या मुली कलकलाट करत वर येत होत्या. दादा भिंतीला चिकटून उभा राहिला आणि ओणवा होऊन बुटाची नाडी बांधू लागला. नाडी बांधलेलीच होती. मुली गेल्या, जिना रिकामा झाला, तरी तो वाकलेलाच होता. मग सरळ झाला, तळहात भिंतीला लावला आणि पायाच्या बोटांनी पहिल्या पायरीची कड शोधू लागला. कड सापडली. पाऊल मात्र पुढं पडेना. असे जिने तो वर्षभर एकट्यानं उतरत आला असेल, हे धाकट्याच्या मनात आलं आणि त्याचे डोळे वाहायला लागले. दादाला ते दिसणार नव्हतं. त्यानं पुसलेही नाहीत.

तो वळून खोलीत गेला. मुलींच्या गर्दीतून त्यानं जुना आरसा उचलला. शाळेच्या दप्तरासारखा काखेत मारून नेता येईल, एवढाच होता तो.

"दादा, थांब जरा," बाहेर येत तो म्हणाला. "हा जुना आरसा खाली न्यायचाय. एक टोक धर."

दादानं हात पुढं केला. धाकट्यानं आरशाची कड त्याच्या बोटांत दिली. दादाच्या हातांना काचेचं वजन तोळ्यातोळ्यानं कळत असे. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं दुसरा हातही कडेला लावला आणि जिन्याकडे पाठ केली.

"एकट्यानं नेला असतास," तो म्हणाला.

"नाही जमत," धाकटा म्हणाला. "पायरी."

दादाचं पाऊल खाली आलं. दोघांच्या मध्ये तो एवढासा आरसा.

"जड आहे रे," दादा म्हणाला.