फिरत्या वहीतला बन्सी

विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे सुरू झाले तसं कडूबानं बायकोचं, द्वारकेचं, उंबरा ओलांडणंच बंद केलं. "शहर तापलंय. सामान आई आणील," म्हणून तो चिकलठाण्याच्या कंपनीत पहिल्या पाळीला निघून जाई. मुकुंदवाडीच्या एका खोलीत उरत द्वारका, नऊ महिन्यांची मैना आणि दारात ठाण मांडलेली सासू सारजाबाई.

द्वारकेला बाहेर पडायला एकच वाट होती, टपालानं फिरणारी वही. आठ जण, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, दोन पानं गोष्ट पुढं न्यायची अन् वही पुढच्याला धाडायची. आडनाव मात्र लिहायचं नाही. त्यावरून माणसाची बाजू कळते. द्वारका तिथं बन्सी होती. वेरूळची लेणी दाखवणारा, बिनलग्नाचा, मनात येईल तेव्हा निघणारा. मैना अंगावर पिता पिता झोपली की ती एका हातानं लिही. वही खालच्या बद्रीनाथच्या दुकानात बन्सीच्या नावानं येई. त्याची बायको आशाबाई पदराआडून वर आणी.

एक दिवस दारात एक तरुण उभा राहिला. "बन्सी इथंच राहतात का? वहीच्या वेष्टनावर खालच्या दुकानाचा पत्ता होता, तिथं म्हणाले वही वर जाते. मी विद्यापीठातला. माणसं वहीत दुसरीच कशी होतात, त्याच्यावर लिहितोय."

"आडनाव काय तुझं?" सारजाबाईनं विचारलं.

"फकिरा म्हणा, आजी."

"मोर्चातला का विरोधातला?"

"वहीतला."

सासूची नजर सुनेवर वळली. परक्या पुरुषाच्या नावाचं टपाल! द्वारकेच्या तोंडून निघून गेलं, "माझा मावसभाऊ हाय, आत्याबाई. फिरतीवर असतो, म्हणून इथला पत्ता दिला."

"मग त्यांच्याबद्दल तुम्हीच सांगा," फकिरा म्हणाला.

ती सांगू लागली. बन्सी पहाटे वेरूळचा डोंगर चढतो. दगडाच्या बाईला आधी स्वतः हसतो, मग पाहुण्यांना दाखवतो. कुणाला विचारून निघत नाही. मैनेला थोपटत ती बोलत राहिली. फकिराची लेखणी मध्येच थांबली. तिच्या बोटांवरची शाई त्याला दिसली होती.

"बन्सीला म्हणावं, लिहीत राहा," जाताना तो हळूच म्हणाला. "नाव कुठं छापणार नाय."

तो उतरला अन् सारजाबाईनं नात मांडीवर घेतली. "भाऊ नाय म्हणून रडत व्हतीस. हाय की. जावळाला मामाची मांडी लागती. सोमवारी बोलव."

"त्याला सवड नसती, आत्याबाई."

"भाचीपरीस दगडं मोठी व्हय? नाय आला तर कडूबाला वेरूळला धाडते."

दुपारी सासूचा डोळा लागला तेव्हा द्वारकेनं बन्सीच्या हातानं कार्ड लिहिलं. सुरतेला काम लागलं, आजच निघतो, परत येणं होईल असं वाटत नाही. आशाबाईनं ते टपालात टाकलं. शनिवारी कडूबानं आईला वाचून दाखवलं. सोमवारी जावळ काढताना मैना मामाऐवजी बद्रीनाथच्या मांडीवर बसून रडली.

महिन्यानं आशाबाई जिना चढून आली. पदराखाली काय आहे ते आता सारजाबाईला ठाऊक होतं.

"बन्सीचं ना? त्यो गेला की सुरतेला. परत लावून दे."

आशाबाईनं आत पाहिलं. द्वारका मैनेच्या बोडक्या डोक्याला तेल लावत होती. तिनं वाटीत पुन्हा बोटं बुडवली अन् तेल चोळत राहिली. वही पदराआडच राहिली. जिन्यावरून चपला खाली उतरत गेल्या.